चालक बदलण्याची वेळ

जून १९५२. फ्रान्समधील ल मां शहराबाहेरच्या रस्त्यांवर चोवीस तासांची मोटार शर्यत शेवटच्या टप्प्यात आली होती. पिएर लेव्हेग हा फ्रेंच चालक आपल्या टाल्बो गाडीतून सर्वांच्या पुढे होता, तोही थोडाथोडका नव्हे, कित्येक फेऱ्यांनी. त्याला जोडीदार चालक होता आणि त्याची पाळी येईल म्हणून तो तयारही होता. लेव्हेगने मात्र गाडी त्याच्या हाती दिलीच नाही. बावीस तासांहून अधिक वेळ तो एकटाच चालवत राहिला. विजय तासा-सव्वा तासावर आला असताना त्याच्या गाडीचे इंजिन निकामी झाले. थकलेल्या हाताने चुकीचा गिअर पडला, असे पुढे वर्षानुवर्षे सांगितले गेले; इंजिनात आधीपासून दोष होता आणि तो आपल्यालाच सांभाळता येईल असे त्याला वाटत होते, असेही म्हणतात. पहिला क्रमांक जर्मन मर्सिडीजने नेला.

सत्तर वर्षांपूर्वीची ही परदेशातील गोष्ट आज कळवणमध्ये आठवण्याला कारण आहे. ज्या गाड्या ल मांच्या रस्त्यावर धावल्या, त्या आता गिरणेच्या खोऱ्यातही धावतात. फोर्ड जीटी ४०, पोर्श ९१७, जग्वार एक्सजेआर-९, माझदा ७८७बी ही नावे आज खेड्यातल्या पोरांच्या तोंडीही सहज ऐकू येतात. गावात इंटरनेट आले, जुना संगणक किंवा खेळाचा डबा परवडू लागला, टेबलाला घट्ट आवळून बसवायचे स्टिअरिंग मिळू लागले, आणि मोटार शर्यतीचा खेळ हा केवळ पुण्या-मुंबईच्या मुलांचा छंद राहिला नाही.

कळवण तालुक्यातला एखादा विशीतला तरुण डोळ्यांसमोर आणावा. घरी कांदा आहे, चाळ भरलेली आहे. दारात पिकअप आहे आणि ती चालवणारा घरात तोच. पहाटे माल भरून नांदुरी, वणीमार्गे पिंपळगाव बसवंत गाठायचे असते, कधी लासलगाव. रात्री जेवण झाल्यावर हाच तरुण पडद्यासमोर बसतो आणि पोर्श ९१७ घेऊन ल मांच्या अंधारात शिरतो. आतल्या खोलीतून आईचा आवाज येतो, ‘अरे, झोप आता. पहाटे गाडी घेऊन जायचंय ना?’ उत्तर ठरलेले असते, ‘आई, एवढी शर्यत संपू दे.’ शर्यत संपते तेव्हा दीड-दोन वाजलेले असतात.

या प्रसंगाकडे पाहण्याची नेहमीची रीत म्हणजे खेळाला दोष देणे. गेममुळे पोरे बिघडली, वेगाचे वेड लागले, आता रस्त्यावरही तशीच गाडी हाकणार, असे म्हणून विषय संपवला जातो. ही भीती पूर्णपणे निराधार नाही. जर्मनीतील मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये आणि त्यानंतर प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, शर्यतीचे काही खेळ खेळल्यानंतर तरुणांचा धोका पत्करण्याकडे कल वाढलेला दिसला. मात्र हा परिणाम प्रामुख्याने, भर रस्त्यात नियम मोडल्याबद्दल बक्षीस देणाऱ्या खेळांचा होता. सिग्नल तोडा, दुसऱ्याला धडक द्या आणि गुण मिळवा, असा त्या खेळांचा मामला असतो.

जुन्या सहनशक्ती शर्यतींच्या गाड्यांचा खेळ त्या जातीचा नाही. तिथे धडक दिली तर गाडी वाकडी होते आणि शर्यत हातची जाते. टायर जपावे लागतात, इंधनाचा हिशेब ठेवावा लागतो, ब्रेक तापू न देता वळण घ्यावे लागते. पोर्श ९१७ चे वजन जेमतेम आठशे किलोच्या आसपास, मागे बारा सिलिंडरचे इंजिन आणि चाक घसरू नये म्हणून मदत करणारे कोणतेही इलेक्ट्रॉनिक साधन नाही. अशी गाडी पडद्यावरदेखील दामटून चालत नाही. ॲक्सिलरेटर हळुवार दाबायला ती शिकवते. ‘जोरात’ आणि ‘लवकर’ हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत, हे ज्याला या खेळात कळले, त्याने काही तरी चांगले मिळवले.

खेळातले कौशल्य खऱ्या गाडीत उतरते, याचा पुरावाही आहे. ‘ग्रान टुरिस्मो’ या खेळाच्या स्पर्धेतून चालक निवडण्याचा उपक्रम युरोपात २००८ मध्ये सुरू झाला. पहिला विजेता, स्पेनचा लुकास ऑर्दोन्येझ, २०११ मध्ये प्रत्यक्ष ल मांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. ब्रिटनचा यान मार्डनबरो २०१३ मध्ये आपल्या गटात तिसरा आला. त्याच्यावर पुढे चित्रपटही निघाला. त्याच मार्डनबरोची गाडी २०१५ मध्ये जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगवर हवेत उडाली आणि कुंपणापलीकडे गेली. एका प्रेक्षकाचा त्यात जीव गेला. पडद्यावर शिकलेला हात खरा होता. पण पडद्यावर एक कळ दाबली की गाडी पुन्हा रस्त्यावर येते, तशी सोय बाहेर कुठेच नाही.

गाडी खरी, वेळ खोटी

या खेळांनी गाडीची नक्कल जवळजवळ परिपूर्ण केली आहे. इंजिनाचा आवाज, टायरची झीज, पावसात बदलणारी पकड असे सगळे गणिताने बांधलेले असते. नक्कल फसते ती दोन ठिकाणी.

पहिले ठिकाण म्हणजे शरीर. खऱ्या गाडीत चालकाला वेग केवळ डोळ्यांनी कळत नाही. कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय, मानेचे स्नायू, पाठीला आणि मांडीला लागणारे धक्के हे सगळे मिळून मेंदूला गाडीची बातमी देत असतात. खेळात डोळे सांगतात की गाडी ताशी तीनशेने चालली आहे आणि कानातले इंद्रिय सांगते की शरीर खुर्चीत स्थिर आहे. या विसंवादामुळे काहींना खेळताना मळमळते, घाटात बसमध्ये होते तसेच. ज्यांना मळमळत नाही त्यांच्याही शरीराला उष्णता, धक्के, घाम, भीती यांचा अनुभव येत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे वेळ. चोवीस तासांची शर्यत खेळात तासाभरात आटोपता येते. सूर्य दहा मिनिटांत मावळतो, मध्यरात्र पाच मिनिटांत सरते आणि चहा निवायच्या आत पहाट होते. हवे तेव्हा थांबता येते, उद्या पुढून सुरू करता येते. थोडक्यात, सहनशक्ती शर्यतीतली सहनशक्तीच वगळली जाते आणि उरते ती गाडी. पडद्यावरचा चालक कधीही पेंगत नाही.

पडद्यासमोरचा मात्र पेंगतो. खरा प्रश्न इथे सुरू होतो. खेळाने वेळ लहान केली तरी भिंतीवरचे घड्याळ लहान होत नाही. पडद्यावर पहाट होते तेव्हा कळवणमध्ये रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि अडीच-तीन तासांनी पिकअपची किल्ली फिरवायची असते.

झोपेचे कर्ज

पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहा वाजता सतरा तास जागा असतो. १९९७ पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की सतरा ते एकोणीस तास जागरण झालेल्या माणसाची हालचाल, प्रतिसाद आणि लक्ष हे रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके मंदावते. आपल्या देशात वाहन चालवताना मद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. दारू प्यायलेल्याला पोलीस यंत्रात फुंकर मारायला लावू शकतात. झोप न झालेल्यासाठी नाक्यावर असे यंत्र नाही.

झोपेच्या तोट्याची आणखी एक लबाडी आहे: ती माणसाला कळत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी प्रौढांना सलग चौदा रात्री सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले गेले. दिवसेंदिवस त्यांच्या चुका वाढत गेल्या, आणि शेवटी त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांसारखी झाली. मात्र विचारल्यावर ते ‘जराशी झोप येतेय’ एवढेच सांगत होते. ‘मला सवय आहे’, ‘मला काही होत नाही’ ही वाक्ये म्हणूनच विश्वासार्ह नाहीत. खोटे बोलण्याचा हेतू नसतो. ज्या मेंदूने मोजायचे तोच थकलेला असतो.

थकलेला मेंदू मग एक धोकादायक काम करतो. डोळे उघडे असतानाही काही सेकंद तो झोपून घेतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी पिकअप एका सेकंदात साडेसोळा मीटर कापते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर, चालकाविना. पहाटे दोन ते सहा हा काळ तर शरीराच्या घड्याळानुसार झोपेचा सर्वांत खोल काळ. कांद्याच्या गाड्या नेमक्या तेव्हाच रस्त्यावर असतात.

लक्ष टिकवण्याची मर्यादा झोप झालेल्यालाही चुकत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलातील रडारवर नजर ठेवणारे सैनिक पडद्यावरच्या खुणा का चुकवतात, हे शोधण्यासाठी नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केले. घड्याळासारख्या तबकडीवर काटा मधूनच दुप्पट उडी मारायचा आणि पाहणाऱ्याने तेवढे ओळखायचे. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पहिल्या अर्ध्या तासातच चुका ठळकपणे वाढतात. सरळ, रिकाम्या, एकसारख्या रस्त्यावरचा चालक त्याच तबकडीसमोर बसलेला असतो.

कळवणकरांना घाट नवा नाही. नांदुरीपासून सप्तशृंगी गडावर जाणारा सुमारे दहा किलोमीटरचा रस्ता चुकीला जागा देत नाही. जानेवारी २००८ मध्ये याच घाटात भाविकांची बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. जुलै २०२३ मध्ये पुन्हा एक बस दरीत गेली. चैत्रोत्सवात खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांनी रस्त्याच्या कडा भरून जातात. अशा रस्त्यावर चालकाची चार सेकंदे त्याच्या एकट्याची राहत नाहीत.

दोष एकट्या खेळाचा नाही

यावर कुणी म्हणेल की झोप काय फक्त गेमने मोडते? हा आक्षेप रास्त आहे. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्री येते आणि पाणी भरायला बारा वाजता शेतात जावे लागते. बाजार समितीबाहेर ट्रॅक्टर-पिकअपची रांग लागली की गाडीतच रात्र काढावी लागते. लग्नसराई आहे, गडाची यात्रा आहे. कळवणच्या तरुणाची झोप खेळ येण्याच्या आधीपासूनच तुकड्यातुकड्यांची होती. खेळ बंद केला म्हणून ती आपोआप पूर्ण होणार नाही.

पण याच कारणासाठी खेळाचा हिशेब वेगळा ठेवायला हवा. विजेचे वेळापत्रक घरात ठरत नाही, बाजाराची रांगही नाही. खेळ कधी थांबवायचा हे मात्र घरातच ठरते. आधीच फाटक्या झोपेतून आणखी दोन तास कापले जात असतील, तर ते वाचवणे तरी हातात आहे.

दुसरी चूक टाळावी ती व्यसनाचा शिक्का मारण्याची. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात स्थान दिले, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. पण त्याचे निकष कडक आहेत: खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ महत्त्वाचा होणे, नुकसान दिसत असूनही खेळ सुरूच राहणे, आणि हे सर्व साधारणपणे बारा महिने टिकून त्याने शिक्षण, काम किंवा नाती विस्कटणे. दिवसभर शेतात राबून रात्री दोन तास गाडी फिरवणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. त्याला आजारी ठरवले तर तो ऐकणे सोडून देईल आणि मग झोपेबद्दलचे बोलणेही त्याच्यापर्यंत पोचणार नाही. निकषांत खरोखर बसणाऱ्याला मात्र रागावून भागत नाही; त्याच्यासाठी मानसोपचार तज्ज्ञाकडे जावे.

शर्यतीचाच नियम घरात

उपाय शोधायला दूर जायला नको. तो खेळ ज्या शर्यतीवरून बेतला आहे, त्या शर्यतीतच आहे. ल मांमध्ये आज एका गाडीला साधारण तीन चालक असतात. कोणत्याही सहा तासांत एका चालकाला चार तासांहून अधिक वेळ गाडी चालवता येत नाही, आणि चोवीस तासांत एकूण चौदा तासांहून अधिक नाही. करुण चंडोक हा भारतीय २०१२ मध्ये तिथे धावला आणि त्याची गाडी सहावी आली, तेव्हा त्यानेही जोडीदारांसोबत पाळ्याच केल्या. पाळी संपलेला चालक पुढची पाळी येईपर्यंत खातो, पाणी पितो आणि झोपतो. तिथे झोप हा आळस मानत नाहीत. इंधन आणि टायर यांच्या रांगेत तिचा हिशेब होतो.

आपल्याकडेही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगितली होती, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांतीही. पण तो नियम नोकरीवरच्या चालकांसाठी. घरचा माल घरच्या गाडीतून नेणाऱ्या मुलाच्या विश्रांतीची जबाबदारी शेवटी घरावरच येते.

म्हणून हिशेब उलटा मांडावा. ‘किती वाजेपर्यंत खेळू?’ असे न विचारता ‘उद्या किल्ली किती वाजता फिरवायची?’ हे आधी विचारावे आणि तिथून मागे किमान सात तास मोजावेत. पहाटे पाचला निघायचे असेल तर रात्री साडेनऊला स्टिअरिंग बाजूला ठेवून दहाच्या आत अंथरुणात असायला हवे. शर्यत संपली की डोके लगेच थंड होत नाही, छाती धडधडत असते, पडद्याचा उजेडही झोप लांबवतो. त्यासाठी हा अर्धा तास. ज्या दिवशी दुसऱ्या दिवशी गाडी न्यायची नाही, त्या दिवशी मनसोक्त खेळावे. त्याने कुणाचे काही बिघडत नाही.

खेळतानाही पाळी ठरवावी. तासाभराने उठावे, पाणी प्यावे, खांदे आणि मनगटे मोकळी करावीत. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या नेहमीपेक्षा बऱ्याच कमी वेळा लवतात आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे, असा सल्ला नेत्रतज्ज्ञ देतात. गावात त्यासाठी दारात येऊन उभे राहिले तरी पुरते.

रस्त्यावर पेंग आलीच, तर खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे यांचा उपयोग काही मिनिटांपुरता असतो. गाडी सुरक्षित जागी, रस्त्यापासून आत लावून एक कप चहा किंवा कॉफी घ्यावी आणि पंधरा-वीस मिनिटे झोपावे. कॅफिनला अंगात उतरायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येते तेव्हा दोन्हींचा फायदा मिळतो. माल वीस मिनिटे उशिरा पोचेल, एवढेच. बाजारभावाची धास्ती ज्या घरात आहे तिथे हे ‘एवढेच’ म्हणणे सोपे नाही, हे खरे. पण उशिराची किंमत क्विंटलमध्ये मोजता येते, अपघाताची येत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, घरात दुसरा चालक तयार करावा. मोठा भाऊ, चुलता, शेजारचा भरवशाचा माणूस किंवा परवाना काढलेली बहीण, कुणीही. ‘गाडी मीच नेणार’ हा हट्ट तरुण धरतात आणि घरचेही त्याचे कौतुक करतात. एकटा चालवतो, रात्र-रात्र जागतो, कधी थकत नाही, अशी बढाई पारावर मारली जाते. ती थांबवली पाहिजे. ज्याने वेळेवर किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली, त्याचे कौतुक व्हायला हवे.

हे मुलाला समजावण्यासाठी उपदेशाची गरज नाही. त्याच्या खोलीत जाऊन त्याच्या खुर्चीमागे पाच मिनिटे उभे राहावे आणि पडद्यावरची पोर्श कोण कोण चालवायचे, एकाने किती तास चालवायची, असे त्यालाच विचारावे. तो उत्साहाने सांगेल. टायर कधी बदलायचे, इंधन कधी भरायचे, हेही सांगेल. मग एवढेच विचारावे, ‘आणि चालक कधी बदलायचा?’

लेव्हेगचा जोडीदार १९५२ च्या त्या दिवशी अखेरपर्यंत वाट पाहत राहिला. तो ताजातवाना होता, त्याला गाडी चालवता येत होती आणि जागाही त्याच्याच पाळीची होती. कमी होती ती फक्त पहिल्या चालकाने उठण्याची.